इंदूर, दीड दिवस आणि चिन्मयची यादी

इंदूरच्या सराफ्यातले, म्हणजे सराफ बाजारातले, रात्रीचे खाण्याचे ठेले सराफांना नको झालेत आणि मोमोवाल्यांवर गदा आलीय, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली होती, त्यामुळे ती सांगायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. चिन्मय एवढंच म्हणाला, "मोमोवाले हटवा, नाहीतर ठेवा. मला काय? मी मोमो खाल्लेच नाहीत."

"खाल्ले नाहीस, पण फोटो टाकलास," रेवती म्हणाली. "पुढे मोमो, मागे ते पेटवलेलं पान, आणि मधे तू, आ वासून."

नाशिकच्या पंचवटी कारंजावर, नऊला बंद होणाऱ्या एका दुकानाच्या पायऱ्या आमच्या मालकीच्या आहेत. मालकाला हे मान्य नाही, पण त्याचं कोण ऐकतो. त्या रात्री नाना होते (बँकेतून निवृत्त, निवृत्तीची पार्टी अजून बाकी), पिंपळगावचा दिलीप होता, रेवती होती आणि मुख्य म्हणजे चिन्मय होता. तो शुक्रवारी रात्री स्लीपर बसने इंदूरला गेला आणि रविवारी रात्री निघून परत आला. मधल्या वेळात त्याने जे केलं त्याला तो 'फूड ट्रेल' म्हणतो. दिलीप त्याला 'छापा' म्हणतो.

चिन्मयने मोबाइल काढून एक्सेल उघडलं. ठिकाण, पदार्थ, वेळ, दहापैकी गुण, शेरा. मग तो वाचायला लागला. "भुट्ट्याचा कीस, सात पूर्णांक चार."

"पूर्णांक चार?" दिलीप म्हणाला. "वरचे सहा कशाचे कापले? कणसाच्या मिशा राहिल्या होत्या का?"

"टेक्श्चर. थोडं ग्रेनी होतं."

"किसलेला मका आहे तो भाऊ. दुधात शिजवतात. दाणे दाताखाली येणारच. तुला पेज पाहिजे होती तर आजारी पडून घरी थांबायचं."

आता दिलीपबद्दल सांगायला हवं, नाहीतर तो नुसताच खोचक वाटेल. त्याच्या तीन गाड्या आहेत. पिंपळगावचा टोमॅटो आणि हंगामात द्राक्षं घेऊन त्या इंदूरच्या चोइथराम मंडीत जातात. मालाचे पैसे अडकले की तो स्वतः जातो, आणि पैसे अडकतातच. धुळं, शिरपूर, सेंधवा, खलघाटला नर्मदा, मग मानपूरचा घाट, असा तो रस्ता त्याला तोंडपाठ आहे. तो इंदूरला 'खायला' कधीच गेलेला नाही. गेला आहे आणि जेवला आहे, बस. म्हणूनच मला त्याचं पटतं.

चिन्मय पुढे. "शिकंजी, पाच. शेरा, लिंबू अजिबात नाही."

इथे रेवतीने कपाळाला हात लावला. "अरे, इंदूरची शिकंजी म्हणजे सरबत नाही. आटवलेलं दूध, केशर, सुका मेवा. चमच्याने खावी इतकी घट्ट."

"मग नावात क्लॅरिटी हवी ना!"

"गराडू, शून्य," त्याने वाचलं.

"शून्य?"

"मिळालाच नाही कुठे."

"श्रावणात गराडू शोधत होतास?" दिलीप खरोखर हळहळला. "आरं, तो कंद आहे. आपल्या कोनफळाचाच भाऊबंद. थंडी पडली की येतो. फोडी करून दोनदा तळतात, वर लिंबू आणि जिरावण, तो इंदुरी मसाला. डिसेंबरात हात गारठलेले असताना तो द्रोण धरायचा असतो. तू पावसात जाऊन त्याला नापास केलंस? तो परीक्षेलाच बसला नव्हता."

नाना इतका वेळ गप्प होते, म्हणजे मोठं काहीतरी येणार होतं. आलं. "मुळात तुम्ही हे लक्षात घ्या की इंदुरात जे जे चांगलं आहे ते आपण नेलेलं आहे. पोहे कोणाबरोबर गेले? होळकरांबरोबर. चांदवडला रंगमहाल कोणाचा? होळकरांचा. १८१८ साली राजधानी महेश्वरहून इंदूरला गेली, तेव्हा मागोमाग आपलं स्वयंपाकघरही गेलं."

"नाना, मग पोहे परत घेऊन या," दिलीप म्हणाला. "आपले पोहे कढईतून उतरले की अर्ध्या तासात सुकतात. ते लोक पातेल्यात पाणी उकळत ठेवतात, वर पोह्याची परात. सकाळी सहाच्या गिऱ्हाइकाला जे मऊ पोहे, तेच दहाच्या गिऱ्हाइकाला. कांदा वरून कच्चा, बडीशेप, शेव, जिरावण, बाजूला जिलबी. आपण नेले म्हणता, पण शिकले ते."

"लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा. १९२९."

"हो नाना."

"राहुल द्रविड जन्मला कुठे? इंदुरात. १९७३."

"आणि खेळला कर्नाटककडून," रेवती म्हणाली. "आपल्या वाट्याला काय आलं?"

"अभिमान!"

"मग त्याच्यावर जिरावण टाका आणि खा," दिलीप म्हणाला. यावर नाना सोडून सगळे हसले. नंतर नानाही हसले, पण आधी त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं.

चिन्मयवर मी अन्याय करतोय असं वाटायला नको, म्हणून त्याचा मुद्दा इथे देतो. त्याचा एकच मुद्दा बरा होता. तो म्हणाला, "दिल्या, तू उठसूट जातोस. माझं तसं नाही. वर्षाला दोन सुट्ट्या जुळतात, त्यातली एक सासरी जाते. दीड दिवस मिळाला तर मी काय एका टपरीवर बसून राहू? पुन्हा कधी जाणं होईल कोणाला माहीत!"

मला हे जरा लागलं, कारण आम्ही सगळेच असेच जातो. पण दिलीप हलला नाही. "दीडच दिवस आहे, हेच तर सांगतोय मी. घरी आलेला पाहुणा प्रत्येक पातेल्यात बोट बुडवून चाटून निघून गेला, तर तो जेवला असं म्हणशील का? शहराच्या वेळा असतात भाऊ. पोहे सकाळी, दुपारी उन्हातून येऊन एखादी कचोरी, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत संध्याकाळी, सराफा रात्री दहाच्या पुढे. मधल्या वेळात भूक लागू द्यायची. तू भूक कुठल्या रकान्यात लिहिली आहेस, दाखव."

भुकेचा रकाना नव्हता. शनिवारी दुपारचा रकाना मात्र रिकामा निघाला. चिन्मय स्क्रीन पटकन वर सरकवत होता, पण रेवतीची नजर घारीची आहे.

"हे बारा ते सहा काय झालं?"

"दाल-बाफले," चिन्मय पुटपुटला.

मंडळी कोसळलीच. ज्यांनी बाफले खाल्ले नसतील त्यांच्यासाठी एवढंच की कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, मग फोडून तुपात बुडवतात. सोबत डाळ, कढी, चटणी, आणि एवढं कमी पडेल म्हणून लाडू. चिन्मयने 'चव बघू' म्हणून चार संपवले, लॉजवर पाच मिनिटं पाठ टेकली आणि उठला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. खोबरा पॅटीस, उसळ-पोहे, कचोरी, सगळं त्या झोपेत गेलं.

"माझ्या ड्रायव्हरला मी बाफले खाऊ देत नाही," दिलीप शांतपणे म्हणाला. "परतीला मानपूरचा घाट असतो."

मग गाडी पुन्हा सराफ्यावर आली. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, शटर पडली की त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले, रात्री दीड-दोनपर्यंत. नानांनी नेहमीची कथा सांगितली, की सराफांनीच पूर्वी खाणेवाल्यांना बसवलं, म्हणजे रात्रभर गल्लीत माणसांची जाग राहते आणि चोराला वाट मिळत नाही. असं म्हणतात खरं. अंगभर सोनं घालून कुल्फी विकणारे गृहस्थ त्याच गल्लीत बसतात, तेव्हा राखण बरी होत असावी.

"आणि आता त्याच सराफांना ठेले नकोत," चिन्मय म्हणाला. "बघा, कृतघ्नपणा."

"तू ती गल्ली बघितलीस ना?" दिलीप म्हणाला, आणि हे तो चेष्टेत बोलत नव्हता. "दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कडेला व्हावं लागतं. त्यात शेगड्या, उकळतं तेल, सिलिंडर. मी गाड्यांवर माल लादतो, मला माहितीये एक ठिणगी काय करते. सोनाराला भीती वाटते त्यात काय चूक आहे? उद्या काही झालं तर तूच स्टेटस टाकशील, प्रशासन झोपलं होतं का म्हणून."

"म्हणून तर माझं मत आहे की फक्त ऑथेंटिक तेवढं ठेवावं. भुट्टे का कीस, दहीबडा, मावा बाटी, जलेबा. बाकी चायनीज-बियनीज बाहेर."

"ऑथेंटिक कोण ठरवणार? तू? छप्पनवर जॉनी हॉट डॉगला तुझा किती आहे?"

चिन्मयने बघितलं. "साडेआठ. शेरा, अस्सल इंदुरी."

"हॉट डॉग," दिलीप म्हणाला. "अस्सल इंदुरी." पुढे काही बोलायची त्याला गरज पडली नाही.

नानांची खरी जखम वेगळी होती. साबुदाण्याची खिचडी. सराफ्यात रात्री बारा वाजता वाफेवर ठेवलेली खिचडी मिळते, त्यात मसाला, लिंबू आणि वरून मूठभर फराळी मिक्श्चर. नानांनी हे फोनवर बघितलं तेव्हापासून ते अस्वस्थ आहेत. "खिचडी ही दाण्याचं कूट, जिरं, मिरची आणि तूप! तिच्यावर मिक्श्चर? आणि रात्री बाराला कसला आलाय उपास?"

"बारा वाजले म्हणजे एकादशी संपली नाना. उपास सोडायला खातात."

"खिचडीने?"

"वहिनी तुम्हाला एकादशीला खिचडी, साबुदाणा वडा, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याची शिकरण देतात. तुम्ही उपासावर बोलू नका," रेवती म्हणाली. नानांनी विषय बदलून स्वच्छतेवर नेला. २०१७ ते २०२३ सलग देशात पहिला नंबर इंदूरचा, ठेल्याठेल्याला कचऱ्याचा डबा, नाहीतर आपली गंगा (म्हणजे गोदावरी) बघा वगैरे. हे खरं असल्यामुळे त्यावर वाद झाला नाही आणि मजाही आली नाही.

चिन्मय दहीबड्यावर आला. जोशींकडे दहीबड्याचा द्रोण हवेत उंच उडवून झेलतात, थेंब सांडत नाही, आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात. चिन्मयने ते शूट केलं. फ्रेम हलली. त्याने दुसरा द्रोण घेतला. मग कोणीतरी मधे आलं. तिसरा घेतला. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "भिया, खा भी लो." तोवर दही सदऱ्यावर आलं होतं, तेही उडवणाऱ्याकडून नाही, चिन्मयकडूनच.

"चव कशी होती?" मी विचारलं.

त्याने एक्सेलकडे बघितलं. माणसाने चव आठवायला एक्सेलकडे बघावं! मी काही बोललो नाही, पण दिलीपने माझ्याकडे बघितलं.

"मला सांग," रेवती एकदम गोड आवाजात म्हणाली, आणि आम्ही सावध झालो. "माझी नणंद इंदूरला टिळकनगरात राहते. मी तुला पत्ता दिला होता. तिच्या सासूबाई सराफ्यात शेवटच्या कधी गेल्या माहितीये? मी गेले होते तेव्हा, मला दाखवायला. इंदूरची माणसं रोज सराफ्यात नसतात. घरी बसून वरणभातावर शेव घालून खातात. तू तिथे एक ताट जेवला असतास तर तुला इंदूर कळलं असतं."

"स्लॉट नव्हता गं."

"स्लॉट नव्हता. बरं. मग मी तिच्यासाठी दिलेला चिवडा?"

कट्ट्यावर शांतता. कोंडाजीचा एक किलो चिवडा रेवतीने शुक्रवारी संध्याकाळी चिन्मयच्या हातात दिला होता. नणंदेला इंदुरात शेवेचा तोटा नाही, पण माहेरचा चिवडा ती माहेरचाच खाते.

"तो… बसमधे जरा फुटला."

"फुटला की फोडला?"

"सेंधव्याला ट्रॅफिक होतं. दोन तास बस जागची हलली नाही. मी म्हटलं मूठभर."

"किलोभर चिवडा," दिलीप म्हणाला, "म्हणजे मूठ भीमाची."

"शेजारच्या सीटवाल्यालाही दिला!"

रेवतीने मोबाइल त्याच्या हातातून ओढून घेतला. चिन्मय 'अगं, अगं' करत उठला, नानांनी त्याचा सदरा धरला. निवृत्तीनंतर नानांनी केलेलं हे पहिलं ठोस काम. रेवतीने यादी अगदी वर नेली. पहिलीच ओळ. शुक्रवार, रात्री दोन वाजून दहा मिनिटं. ठिकाण, सेंधवा, बस. पदार्थ, कोंडाजी चिवडा.

"गुण वाच," दिलीप म्हणाला.

"नऊ पूर्णांक दोन."

"त्याच्या वर काय आहे?"

रेवतीने यादी खालपर्यंत सरकवली, परत वर आणली. "काही नाही. हाच पहिला."

दिलीप पायरीवरून खाली बसला. नाना डोळे पुसत म्हणाले, "आपण नेलेलं! मी सांगत होतो ना, आपण नेलेलं!" आणि मग त्यांना खोकल्याची उबळ आली. चहावाल्याने पाण्याचा जग आणून दिला आणि लगे हात सहा कटिंगचे पैसेही मागितले.

"नाना देतील," चिन्मय म्हणाला. "पार्टी बाकी आहे."

"माझं पाकीट घरी आहे," नाना म्हणाले.

"मी ॲपवर टाकतो, डिव्हाइड करून," चिन्मय म्हणाला.

"टाक," रेवती म्हणाली. "आणि त्यातच एक किलो चिवडाही टाक. तो डिव्हाइड करू नकोस."