कॅननबाहेरचं म्हणजे वाया गेलेलं नव्हे

'२०१४ नंतर स्टार वॉर्सच्या जुन्या कादंबऱ्या कॅननमध्ये नाहीत, नव्या वाचकाने त्यात वेळ घालवू नये' हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. (कॅनन म्हणजे अधिकृत मानली जाणारी कथा.) थ्रॉन हा खलनायक कुठून आला मग? टिमथी झानच्या १९९१ च्या कादंबरीतून. २०१४ मध्ये त्याला 'लेजेंड्स'मध्ये, म्हणजे कॅननबाहेरच्या कथांत, ढकललं आणि २०१६ ला 'रिबेल्स' या अॅनिमेशन मालिकेत परत बोलावलं. कोरुसांट या ग्रहाचं नावसुद्धा त्याच कादंबरीतलं, सिनेमात नंतर आलं.

मला ती कादंबरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. पावसाळ्यातल्या दमटीने पानं फुगलेली, कव्हरचा कोपरा गेलेला. दोन रात्रींत संपवली. त्यातली मारा जेड, सिनेमांचा नायक ल्यूक याला मारायला निघालेली आणि पुढच्या पुस्तकांत त्याचीच बायको झालेली, आजही कॅननमध्ये नाही. माझ्यासाठी मात्र ती सिनेमातल्या कितीतरी पात्रांपेक्षा खरी आहे. आमच्याकडे जत्रेत दशावतारी नट पोथीत नसलेले संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. ते पोथीत नाहीत म्हणून पहाटेपर्यंत बसलेलं कोणी उठून जात नाही.