रात्रभराच्या नाटकात चार्जिंगचे सेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

वायरलेस माईकमध्ये चार्जिंगचे सेल वापरावेत, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर तुम्ही रोखठोक आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचे म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या पट्ट्यात मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांची शर्यत) यांच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांना तुम्ही साऊंड देता. तुमचा पहिला आक्षेप असा की, साधा सेल १.५ व्होल्टचा आणि चार्जिंगचा १.२ व्होल्टचा असल्यामुळे आवाज आणि रेंज दोन्ही कमी होणारच. दुसरा असा की, गेल्या हंगामात तिसऱ्या अंकात नायिकेचा माईक कसलीही सूचना न देता बंद पडला आणि त्यात चार्जिंगचेच सेल होते. तिसरा असा की, जिथे विजेचा भरवसा नाही तिथे सेल चार्ज करायचे कधी, आणि म्हणून माझा सल्ला नागपूरच्या सभागृहाला ठीक असला तरी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या मोकळ्या मैदानाला लागू पडत नाही. शेवटी तुम्ही सुचवले आहे की, चार्जिंगचेच घ्यायचे तर यूएसबी वायरने चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम सेल घ्यावेत.

व्होल्टेजपासून सुरुवात करतो, कारण हा समज मी वडसा-देसाईगंजपासून साकोलीपर्यंत ऐकला आहे. साध्या, म्हणजे अल्कलाईन सेलवर १.५ व्होल्ट छापलेले असते, पण तो आकडा नव्या कोऱ्या सेलचा आहे. माईकचा भार पडला की व्होल्टेज लगेच उतरू लागते, अर्धे आयुष्य सरता सरता ते सव्वा व्होल्टच्या आसपास येते आणि ०.९ व्होल्टला सेल संपला असे धरतात. म्हणजे पूर्ण रात्रीची सरासरी काढली तर अल्कलाईन सेलही जवळपास १.२ व्होल्टच देत असतो. निकेल-मेटल हायड्राइडचा चार्जिंग सेल चार्जरमधून काढल्यावर १.४ व्होल्टच्या आसपास असतो, थोड्याच वेळात १.२५ वर येतो आणि बहुतेक वेळ तिथेच टिकून राहतो. अल्कलाईनचा आलेख उतरत्या पांदणीसारखा असतो, तर याचा आलेख धानाच्या बांधीसारखा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट आणि धुऱ्याशी, म्हणजे बांधीच्या कडेशी, आल्यावर एकदम खाली. हा धुरा लक्षात ठेवा, कारण तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर तिथेच आहे.

शिवाय कोणत्याही बऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे माईकचा आवाज बिनतारी पाठवणाऱ्या डबीमध्ये, सेलचे व्होल्टेज थेट आवाजाच्या सर्किटला जात नाही. मध्ये एक कन्व्हर्टर असतो आणि सेलकडून कमी-जास्त काही आले तरी तो आतल्या भागांना ठरलेले स्थिर व्होल्टेज पुरवतो. त्यामुळे दोन सेल मिळून ३ व्होल्ट असोत की २.४, माईकच्या कॅप्सूलला (आवाज टिपणाऱ्या भागाला) मिळणारे व्होल्टेज आणि अँटेनातून जाणारी ताकद तीच राहते. दोन सेल मिळून साधारण दोन व्होल्टच्या आसपास आले की ट्रान्समीटर स्वतःच बंद होतो. आवाज हळूहळू बारीक होत गेला, असे कोणी सांगत असेल तर मी आधी कॅप्सूलमध्ये गेलेला घाम, वाकलेली अँटेना किंवा पत्र्याच्या आडोशाला ठेवलेला रिसीव्हर तपासतो. अगदी स्वस्त, बिनानावाच्या सेटमध्ये हा कन्व्हर्टर धड नसतो आणि तिथे तुमची शंका खरी ठरू शकते. पण तो दोष सेटचा आहे, सेलचा नाही.

आता नायिकेच्या माईकविषयी. हा प्रसंग मला हलका वाटत नाही. दहा गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेली, तिकीट काढून थंडीत चादरी पांघरून पहाटेपर्यंत बसलेली माणसे नेमक्या त्या प्रवेशासाठी थांबलेली असतात. तिथे गेलेले वाक्य पुन्हा मिळत नाही, आणि नटीने आवाज चढवून वेळ मारून नेली तरी पुढच्या प्रवेशात तिचा घसा साथ देत नाही. म्हणून असे का झाले असावे, हे सविस्तर लिहितो.

बहुतेक ट्रान्समीटरची बॅटरीची पट्टी अल्कलाईनच्या उतारावर बेतलेली असते. चार्जिंगचा सेल घातला की ती पहिल्या तासापासून एक पट्टी कमी दाखवते, मग कित्येक तास हलत नाही आणि शेवटी काही मिनिटांत शून्यावर येते. पाहणाऱ्याला वाटते की सूचना न देता बंद पडला. काही ट्रान्समीटरच्या मेनूत सेलचा प्रकार निवडता येतो, अल्कलाईन किंवा निकेल-मेटल हायड्राइड. तुमच्या सेटमध्ये ही सोय असेल तर ती आधी वापरा, म्हणजे पट्टी पुष्कळच खरे बोलू लागेल. ही सोय नसेल तर पट्टीवर अवलंबून राहूच नका, घड्याळावर चाला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा ट्रान्समीटर साधारण २०० मिलीअँपिअर घेतो असे धरले, तर २००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) असलेला सुस्थितीतला सेल हिशेबाने दहा तास चालतो. जुना होऊन १६०० वर आलेला सेलही आठ तास काढतो. रात्री दहाला पडदा उघडून चारला पडला आणि त्याआधी एक तास टेस्टिंग झाले, तर एकूण सात तास होतात. हिशेब जुळतो, पण काठावर जुळतो. म्हणून नायक, नायिका आणि खलनायक यांच्या ट्रान्समीटरमधले सेल दुसऱ्या अंकानंतर बदलायचेच, पट्टी काहीही दाखवो. साडीच्या आत कमरेला बांधलेला ट्रान्समीटर काढायचा, झाकण उघडायचे, जोडी बदलायची, हिरवा दिवा पाहायचा आणि बोलून घ्यायचे. विंगेत एका माणसाला हेच काम नेमून दिले तर कपडे बदलण्याच्या वेळेत हे सहज होते.

पट्टीपेक्षाही मला जास्त संशय तुमच्या चार्जरचा आहे. सेलच्या पाकिटासोबत मिळणारे स्वस्त चार्जर दोन सेल एकत्र, ठरावीक तास चार्ज करतात. त्यात एक सेल आधी भरतो आणि तापत राहतो, तर दुसरा अर्धवटच राहतो. मग तीच जोडी ट्रान्समीटरमध्ये एकामागे एक बसते, अर्धवट सेल आधी संपतो आणि त्याच्या जोडीदारासह माईक बंद पडतो. हे वरचेवर झाले तर दुबळा सेल उलटा चार्ज होऊन कायमचा निकामी होतो. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासणारा, सेल भरताना व्होल्टेजमध्ये येणारी किंचित घट ओळखून थांबणारा चार्जर महाग असतो, पण खरा खर्च तिथेच करायचा आहे. त्यातही पडद्यावर एमएएच दाखवणारा मिळाला तर उत्तम. माझ्या पेटीत प्रत्येक सेलवर मार्करने ३अ, ३ब, ४अ, ४ब असे लिहिलेले असते. जोडी कधी फुटत नाही आणि दिवाळीच्या आधी प्रत्येक सेल पूर्ण उतरवून, पुन्हा भरून त्याची क्षमता वहीत लिहिली जाते. छापील आकड्याच्या पाऊणपटीखाली आलेला सेल नाटकातून निवृत्त होऊन भिंतीवरच्या घड्याळात जातो.

छापील आकड्यावरून आठवले, बाजारात ३५०० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेले पेन्सिल सेल मिळतात. या आकारात निकेल-मेटल हायड्राइडची खरी क्षमता २७०० एमएएचच्या आसपास संपते, त्यामुळे तो आकडा पाहूनच असा सेल बाजूला ठेवावा.

विजेबद्दल तुम्ही लिहिलेत ते अगदी खरे आहे आणि त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. पूर्वीचे चार्जिंगचे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त उतरत, म्हणून नाटकाच्या दिवशीच, त्याच गावात चार्ज करणे भाग पडत असे. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप या नावाने कमी स्वयं-उतार असलेले सेल आणले आणि ही अडचण मुळातूनच गेली. आज हे सेल पॅनासॉनिकच्या नावाने येतात, आणि इतर कंपन्यांचेही त्याच धर्तीचे सेल मिळतात. घरी वीज असेल त्या दिवशी भरलेला असा सेल दोन आठवड्यांनी काढला तरी जवळपास भरलेलाच असतो. म्हणजे ज्या गावात नाटक आहे तिथे वीज असण्याची गरजच राहत नाही. आठ ट्रान्समीटर असतील तर सोळा सेलचा एक संच, आणि असे दोन संच, म्हणजे बत्तीस सेल झाले. एक संच पेटीत, एक घरी चार्जरवर. सलग दौरा असेल तर १२ व्होल्टवर चालणारा चार्जर टेम्पोच्या बॅटरीला जोडता येतो. आता याच आठ ट्रान्समीटरना प्रत्येक नाटकाला नवे अल्कलाईन सेल घाला आणि साठ नाटकांचा हंगाम धरा, तर ९६० सेल लागतात. तुमच्याकडच्या दराने गुणाकार करून पाहा आणि चांगला चार्जर व बत्तीस सेल यांच्या किमतीशी ताडून पाहा.

प्रत्यक्षात काय होते, हे तुम्हीही पाहिले असेल. एवढे सेल घेणे परवडत नाही, म्हणून कालचे अर्धे वापरलेले अल्कलाईन सेल आज पुन्हा घातले जातात. रात्री एक वाजता गावातल्या किराणा दुकानदाराला उठवून जे सेल आणले जातात ते अल्कलाईन नसून झिंक-कार्बनचे असतात. ते घड्याळाला आणि रिमोटला ठीक, पण ट्रान्समीटरच्या भाराखाली ते फार लवकर बसतात. मोकळ्या मैदानाचा तुमचा मुद्दा तर मला उलट्या बाजूचा वाटतो. पूस-माघात गोंदिया-गडचिरोलीकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि थंडीत अल्कलाईनचा अंतर्गत रोध वाढून त्याची ताकद निकेल-मेटल हायड्राइडपेक्षा जास्त घटते. बंदिस्त सभागृहात अल्कलाईन वापरून निभावेल, पण आपल्या मैदानावर पहाटे तीनला त्याची खरी परीक्षा होते.

यूएसबीने चार्ज होणाऱ्या दीड व्होल्टच्या लिथियम सेलची सूचना मात्र मी स्वीकारणार नाही. त्या सेलच्या पोटात लिथियमचा ३.७ व्होल्टचा लहान सेल आणि व्होल्टेज खाली आणणारे सर्किट असते. ते सर्किट शेवटच्या क्षणापर्यंत नेमके दीड व्होल्ट देत राहते, त्यामुळे पट्टी पूर्ण भरलेली दिसत असतानाच माईक बंद पडतो. ज्या गोष्टीची तुम्हाला तक्रार आहे, तीच इथे आणखी टोकाला जाते. दुसरे म्हणजे, ते स्विचिंग सर्किट काही मेकमध्ये इतका विद्युत गोंगाट करते की ट्रान्समीटरच्या आवाजात शिट्टी किंवा खरखर येते आणि रेंजही घटते. टॉर्चसाठी मिळणारे, दिसायला पेन्सिल सेलसारखेच पण ३.७ व्होल्टचे सेल तर चुकूनही घालू नका, कारण दोन मिळून ७.४ व्होल्ट होतात आणि ट्रान्समीटर जळू शकतो. ट्रान्समीटरच्या कंपनीनेच त्या मॉडेलसाठी बनवलेला लिथियमचा पॅक मिळत असेल तर ती गोष्ट वेगळी. तो पॅक आणि ट्रान्समीटर एकमेकांसाठीच बनलेले असतात, आणि काही मॉडेलमध्ये तर उरलेले तास-मिनिटे रिसीव्हरवर दिसतात.

एका बाबतीत मात्र तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य करतो. तुमच्याकडे चौकोनी ९ व्होल्टचा सेल लागणारे जुने हँडमाईक असतील, तर तिथे अल्कलाईनच ठेवा. त्या आकाराच्या चार्जिंग सेलची क्षमता २०० ते ३०० एमएएच असते, म्हणजे अल्कलाईनच्या जवळपास निम्मी, आणि त्यांतल्या काहींचे व्होल्टेज ७.२ किंवा ८.४ असल्याने ट्रान्समीटर लवकर बंद पडतो. सूत्रसंचालनाला किंवा सत्काराच्या भाषणाला ते चालतील, पण रात्रभराच्या नाटकाला नाही. तसेच पेन्सिल सेलवाल्या सेटसाठीही अल्कलाईनचे एक न फोडलेले पाकीट पेटीत राहू द्या, फक्त ते राखीव म्हणून.

आणखी एक विनंती, जी अल्कलाईन वापरणाऱ्या सगळ्यांनाच आहे. होळीनंतर सामान पेटीत जाते तेव्हा ट्रान्समीटरमधले सेल आठवणीने काढा. पावसाळ्यात पेटीत पडून राहिलेला संपलेला अल्कलाईन सेल पाझरतो, आणि दिवाळीत झाकण उघडावे तर स्प्रिंगवर पांढरी-हिरवट पूड जमलेली असते. ती पूड कोरड्या हाताने खरवडू नका. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि नंतर स्पिरिटने कोरडी करा. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर कोणताही सेल घातला तरी आवाज मध्येच तुटणारच, आणि दोष पुन्हा सेलवरच जाईल.

तुमच्या चार्जरवर मागच्या बाजूला छापलेला मजकूर आणि तुमच्या ट्रान्समीटरचे मॉडेल इथेच खाली लिहा. ज्या जोडीने त्या रात्री दगा दिला ती अजून तुमच्याकडे असेल तर टाकू नका. एखाद्या चांगल्या चार्जरवर दोन्ही सेल वेगवेगळे उतरवून प्रत्येकाचे एमएएच मोजा आणि ते दोन आकडे कळवा. दोघांत शंभर-दीडशेपेक्षा जास्त फरक निघाला तर कारण तुमच्या हातात आले असे समजा. दोन्ही सारखे आणि भरपूर निघाले, तर आपण ट्रान्समीटरच्या स्प्रिंगपासून पुन्हा शोध सुरू करू.