पीआयकेथ्रीसीएच्या पोस्टवरच्या त्या कमेंटला उत्तर

'स्पष्टवक्ता' (नाव तुम्हीच घेतलंय, मी ठेवलेलं नाही), तुमची कमेंट काल रात्रीच वाचली पण उत्तर आत्ता देतेय, रात्री दिलं असतं तर माझीही भाषा तुमच्याच लायनीला गेली असती.

बाकीच्यांसाठी सांगते. पीआयकेथ्रीसीए या जीनमधल्या बिघाडाचा ब्रेस्ट कॅन्सरशी काय संबंध, यावरच्या माझ्या पोस्टखाली हे असं लिहितात: "ताई, डॉक्टर नसताना बायकांना घाबरवायचे धंदे बंद करा. इन्सुलिनचं काम करणारा जीन म्हणे कॅन्सर करतो, काहीही! ४० टक्के आकडा दिलाय ठोकून. टेस्टला किती पैसे लागतात, कुणी करायची, याचा पत्ता नाही. चार्ट पण मोबाइलवर दिसत नाही."

चार्ट दिसत नाही हे खरंय, बदलते. झालं?

आता 'धंदे'. या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा मला. ताई म्हणायचं आणि त्याच वाक्यात धंदे काढायचे, ही कुठली पद्धत? आणि 'बायकांना' घाबरवू नका म्हणजे काय, पुरुष वाचतात तेव्हा ती माहिती असते आणि बायकांनी वाचली की भीती? मी डॉक्टर आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण नाशकातच शरणपूर रोडला एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे गाठींचे तुकडे तपासतात तिथे, टेक्निशियन होते, लग्नाच्या आधीपासून ते सासूबाई अंथरुणाला खिळेपर्यंत. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर सोडायचे आणि सुरकुती पडायच्या आत काचेवर उचलायचे, हे या हातांनी केलंय. पुढच्या तपासणीला मुंबईला न्यायचा म्हणून तोच मेणाचा ब्लॉक मागायला घरचे काउंटरवर यायचे, रुमालात गुंडाळून न्यायचे, आणि जाता जाता हळूच विचारायचे, मॅडम, मुलीला पण होईल का हो? तेव्हा कोण घाबरतं आणि कशाने, ते मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

तर ते 'काहीही!'. साहेब, जीन तुमच्यातही आहे, माझ्यातही आहे, तिसऱ्या क्रोमोसोमवर. त्याच्यावरून पी११० अल्फा नावाचं एन्झाइम बनतं, ते पेशीच्या पडद्यातल्या पिप-टू या चरबीच्या रेणूला एक फॉस्फेट चिकटवतं, झाला पिप-थ्री. एवढंच काम. इन्सुलिन पेशीवर आलं की हे होतं, पिप-थ्री दिसल्यावर एकेटी नावाचं प्रोटीन जागं होतं, स्नायू साखर आत घेतात, आणि पेशीला वाढायचा, जगायचा निरोपही याच वाटेने जातो. काम झालं की पीटेन नावाचं दुसरं एन्झाइम येऊन ते फॉस्फेट काढून टाकतं. म्हणजे इन्सुलिनचं काम आणि वाढीचं काम एकाच एन्झाइमकडे, आणि तुम्ही म्हणताय दोन्हींचा संबंधच काय!

बिघाड होतो तो असा. या एन्झाइमच्या साखळीत १०६८ अमिनो आम्लांचे मणी, त्यातलं १०४७ नंबरचं हिस्टिडिन जाऊन तिथे आर्जिनिन आलं की बेलचं बटण आत अडकल्यासारखं होतं, दारात कुणी नसलं तरी वाजतच राहते. रिपोर्टवर एच१०४७आर लिहितात ते हेच. या जीनमधले असे बदल कितीतरी प्रकारच्या गाठींत सापडतात हे २००४ सालीच छापून आलंय, मी नाशकात बसून शोधून काढलेलं नाही. आणि हा बदल गाठीतल्या पेशींत नंतर झालेला असतो, आईकडून मुलीकडे जाणारा नसतो. पोस्टमध्ये हे ठळक अक्षरात होतं. घाबरवायचं असतं तर नेमकं हेच गाळलं असतं ना मी?

अजून पुरावा हवा तर औषध बघा. हेच एन्झाइम अडवणारी अल्पेलिसिब नावाची ब्रेस्ट कॅन्सरवरची गोळी, अमेरिकेत मे २०१९ मध्ये मंजूर झाली, आणि तिच्या मोठ्या चाचणीत ती घेणाऱ्या निम्म्याहून जास्त पेशंटची साखर वाढली. का वाढली? कारण गोळीला गाठ आणि लिव्हर यातला फरक कळत नाही, एन्झाइम दोन्हीकडे बंद, मग इन्सुलिनचा निरोप पोचत नाही. 'इन्सुलिनचं काम करणारा जीन' हे तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत आणि नकळत माझाच मुद्दा मांडलात.

४० टक्के म्हणजे सगळ्या बायकांपैकी नाही, हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हॉर्मोनवर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रोटीन जास्त नसलेल्या) ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठींपैकी साधारण तेवढ्यांत या जीनमधला बदल सापडतो. वाक्य पूर्ण वाचायचं असतं.

राहिला गाठीत हा बदल आहे का ते बघणाऱ्या टेस्टचा खर्च आणि ती कुणी करायची ते. पोस्ट जीनवर होती, रेटकार्डवर नाही, आणि कुणी करायची ते ज्याचे त्याचे ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, सांगतील, मी डॉक्टर नाही हे तुम्हीच म्हणालात. खर्चाचं एवढं माहीत असेल तर लिहा की तुम्ही, नावासकट लिहा, मी टाकते इथे.