कोको गॉफला ‘फुकटची चॅम्पियन’ म्हणणाऱ्यांसाठी

टेनिसवाल्यांमध्ये एक फॉरवर्ड सारखा फिरत असतो. त्यात म्हणे अमेरिकेची टेनिसपटू कोको गॉफ ही मीडियाने आणि स्पॉन्सर लोकांनी घडवलेली स्टार, वाइल्ड कार्डं (रँकिंग कमी असूनही आयोजक देतात ती एंट्री) देऊन वर आणलेली, फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका) नाही, सर्व्ह नाही, आणि सिंगल्सची जी दोन ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) नावावर आहेत तीसुद्धा बेलारूसच्या साबालेंकाने चुका करून हातात ठेवलेली. म्हणजे पोरीने स्वतः काही केलंच नाही!

आधी वाइल्ड कार्ड. 2019 ला विम्बल्डनने पंधरा वर्षांच्या कोकोला कार्ड दिलं हे खरं, पण ते क्वालिफाइंगचं (आधीच्या पात्रता फेरीचं) होतं, मेन ड्रॉचं (मुख्य स्पर्धेचं) नाही, आणि नेमकं हेच फॉरवर्डमध्ये गाळलंय. रँकिंग तेव्हा तीनशेच्या बाहेर. तीन मॅचेस जिंकून ती आत आली, पहिल्याच राउंडला व्हीनस विल्यम्सला 6-4, 6-4 ने घरी पाठवलं, तिसऱ्या राउंडला हर्कोगसमोर दोन मॅच पॉइंट (तो एक पॉइंट गेला की मॅच गेली) वाचवले आणि चौथ्यात हरली ती हालेपकडून, जी पुढे चॅम्पियन झाली. कार्डावर आत जाता येतं हो, मॅच पॉइंट कोण वाचवून देणार? त्या वर्षी यूएस ओपनने तिला थेट मेन ड्रॉचं कार्ड दिलं, ते मान्य. पण डब्ल्यूटीएचा (महिला टेनिसची संघटना) वयाचा नियमही तिला लागू होता, इतक्या लहान पोरींना वर्षात मोजक्याच टूर्नामेंट खेळू देतात, मग रँकिंग चढणार कसं?

स्पॉन्सरचं काय, पैसा भरपूर मिळतो, मिळू दे की. 2024 चं फ्रेंच ओपन डबल्स सिनियाकोव्हाबरोबर जिंकलं ते काय बूट कंपनीने?

आता मुख्य आरोप, साबालेंकाने दिलेली स्लॅम. आकडे फॉरवर्डवाल्यांच्या बाजूचे दिसतात, 2023 च्या यूएस ओपन फायनलला साबालेंकाच्या 46 अनफोर्स्ड एरर (समोरच्याने भाग न पाडता केलेल्या चुका), 2025 च्या फ्रेंच ओपन फायनलला तर तब्बल 70. साबालेंका स्वतःच मॅचनंतर म्हणाली की कोको माझ्या चुकांमुळे जिंकली, नंतर तिने त्याबद्दल माफी मागितली ते वेगळं. पण अनफोर्स्ड एरर लिहिताना फक्त शेवटचा बॉल बघतात ना. त्याआधीचे चार बॉल, जे दुसऱ्या कुणाविरुद्ध सरळ विनर (समोरच्याला गाठताच न येणारे फटके) गेले असते, ते कोकोने धावत जाऊन परत टाकलेले असतात, मग समोरची पाचवा बॉल आणखी जोरात, आणखी लाइनजवळ मारायला जाते आणि बॉल बाहेर. कागदावर चूक साबालेंकाची, घडवून आणणारे पाय कोकोचे.

पॅरिसची, म्हणजे 2025 च्या फ्रेंच ओपनची ती फायनल पुन्हा बघा. पहिल्या सेटला साबालेंका 4-1 ने पुढे, तिथून कोकोने सेट टायब्रेकपर्यंत (6-6 झाल्यावर सेट ठरवणारा गेम) ओढला, टायब्रेकमध्ये 3-0 ची लीड घेऊनही हरली. इथे भलेभले ढेपाळतात. हिने पुढचे दोन 6-2, 6-4 घेतले. त्या दिवशीच्या वाऱ्याचं म्हणाल तर तो दोघींनाही सारखाच होता, कोकोच्या एरर 30. आणि समोर कुणी लुंगीसुंगी नव्हती, वर्ल्ड नंबर वन होती.

बरं, फायनलला सगळ्याच जणी हिला मॅच दान करतात का? 2025 अखेरपर्यंत हार्ड कोर्टवर नऊ फायनल खेळली आणि नऊच्या नऊ जिंकल्या, त्यात 2024 ची रियाधची डब्ल्यूटीए फायनल्स (वर्षअखेरची, वर्षभरातल्या टॉप आठ जणींची स्पर्धा) आहे, जिथे वाटेत स्वियातेक आणि साबालेंका दोघींनाही हरवलं आणि झेंग चिनवेनविरुद्ध पहिला सेट घालवून तिसऱ्याच्या टायब्रेकमध्ये जिंकली.

सर्व्हबद्दल मात्र भांडणार नाही. 2024 च्या यूएस ओपनला नवारोविरुद्ध 19 डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकून फुकट गेलेले पॉइंट), बघवत नव्हतं. पण झाकून ठेवलं का तिने? 2025 ला यूएस ओपन तोंडावर असताना जुना कोच सोडून मॅकमिलनला आणलं, साबालेंकाची सर्व्ह ज्याने दुरुस्त केली तोच माणूस. घरच्या स्लॅमच्या ऐन वेळी सर्व्ह मोडून नवी बांधायची म्हणजे हसं व्हायची पूर्ण तयारी, आणि झालंही, वेकिचविरुद्ध कोर्टवरच डोळ्यांत पाणी आलं (ती मॅच जिंकली बरं का), पुढे ओसाकाकडून सरळ हरली. ऑक्टोबरला वुहान जिंकलं.

टीका करायचीच तर विम्बल्डनवर करा, तिथे मीही तुमच्यासोबत आहे. त्याच 2025 ला पॅरिस जिंकून महिना व्हायच्या आत तिथे पहिल्याच राउंडला यास्त्रेमस्काकडून हरली, आणि 2025 पर्यंत तिथे चौथ्या राउंडच्या पुढे कधी गेली नव्हती. विम्बल्डनच्या गवतावर बॉल खाली राहतो आणि तिची ती टोकाची वेस्टर्न ग्रिप (हात जवळजवळ दांड्याच्या खालून घालून रॅकेट धरणं), फोरहँडला वेळच मिळत नाही. गवतावरचा हा प्रॉब्लेम खरा आहे, आणि गंमत म्हणजे तुमच्या फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही.