मायनर म्हणजे दुय्यम नव्हे
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे मायनर विषय घेता आला, म्हणून अर्थशास्त्र या मुख्य म्हणजे मेजर विषयाच्या जोडीला मी राज्यशास्त्र मनापासून निवडले. पण दर सत्रात त्याचा तास दिवसाच्या शेवटी ढकलला जातो आणि मेजरचा जादा तास लागला की पहिली गदा त्याच्यावरच येते. परवा १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेले राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, शिकत होतो. पक्षांतर करणाऱ्या आमदार-खासदारांच्या अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे का सोपवला, हे फळ्यावर अर्धेच लिहून झाले असताना वर्ग रिकामा करायला लावला, आणि उरलेला भाग झेरॉक्सच्या चार पानांवर मिळाला. ज्या तरतुदीवरून २०२२ मध्ये महाराष्ट्रातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, ती अशी उरकायची? "मायनरच आहे, पास झालीस की झाले," हे ऐकून आता खरोखर संताप होतो.