टेम्परेचर सेन्सरचं कपलर काढून गाडी थंड राहत नाही भाऊ

"सेन्सर म्हणजे कंपनीची लूट, हे पाच उपाय करा, हजारो रुपये वाचवा" असा एक मेसेज सध्या इकडं वर्धा, यवतमाळ, अमरावती सगळ्या ग्रुपवर फिरून राह्यला. मी वाचून सोडून दिला असता, असे रोज येतात, पण हा मेसेज माझ्या भाच्यानं खरा मानला आणि त्यातलं करून पण टाकलं, आणि त्याच गाडीत माझी बहीण बसून पुण्याहून आली, संभाजीनगरपासून पुढं समृद्धीनं, मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री. म्हणून आता लिहितो.

भाच्याची गाडी म्हणजे दोन दरवाजाची जुनी स्पोर्ट्स कार, सेकंडहँड घेतलेली, इंजिन दाबून बसवलेलं, बोनेटखाली हात जायला जागा नाही. अशा इंजिनले गरम व्हायला वेळ लागत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

मेसेजमधला चौथा मुद्दा सगळ्यात घातक, पहिले तोच घेतो. म्हणे उन्हाळ्यात कूलंट टेम्परेचर सेन्सरचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची गरमी मोजणाऱ्या सेन्सरचं, कपलर (वायरचा प्लग) काढून ठेवा, पंखा सतत चालतो, इंजिन कधीच तापत नाही, आणि मीटरवर लाईट लागली तर काळी टेप चिकटवा. टेप चिकटवा! हे लिहिणाऱ्यानं कधी इंजिन तापून फुटलेलं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या आतलं सील, हातात घेतलं आहे का?

पंखा चालतो, हे खरं आहे, तेवढं मान्य करावंच लागते. बऱ्याच गाड्यांत कपलर काढलं की पंखा फुल सुरू होतो, आणि रस्त्यात अडकलेली गाडी गॅरेजपर्यंत न्यायला आम्ही गॅरेजवाले पण कधीकधी तसं करतो. पण तो काहून चालतो ते समजून घ्या. सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणं बदलणारा रेझिस्टन्स, थंड असला की जास्त, गरम झाला की कमी, बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला दोन-अडीच हजार ओहम आणि ८० डिग्रीला तीनशेच्या जवळपास. कपलर काढलं की सर्किटच तुटते, आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधलं वाचायचं मशीन, लावला तर तापमान दिसते वजा ४०. मे महिन्यात, वर्धेत, वजा ४०! गाडीच्या कॉम्प्युटरले कळते की आपल्याला आता काहीच दिसून नाही राह्यलं, म्हणून तो भीतीनं पंखा चालू करून ठेवतो. हा थंड ठेवायचा उपाय नाही, हा आंधळा झाल्यावरचा उपाय आहे.

आणि बऱ्याच गाड्यांत मीटरवरचा काटा पण त्याच सेन्सरवर चालतो. म्हणजे इंजिन आत शिजत असलं तरी काटा खालीच पडलेला. हायवेवर १०० च्या स्पीडनं समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते, तिथं पंख्याचा फायदा जवळपास शून्य, आणि कूलंटच गळून गेलं तर पंखा कोणाला थंड करणार, रिकाम्या पाइपले?

नेमकं तेच होऊन राह्यलं होतं. गाडी माझ्या आर्वी रोडच्या गॅरेजसमोर थांबली, बहीण उतरली आणि म्हणाली, "दादा, गाडीत कायचा तं गोड वास येते." बोनेट उघडलं तर वरच्या पाइपच्या क्लिपजवळ वाळलेल्या कूलंटचे हिरवट-पांढरे डाग, टाकी मिनच्या रेघेच्या खाली, आणि सेन्सरचं कपलर झिपटायनं बाजूला बांधून ठेवलेलं. मीटरवर खरंच काळी टेप. मी त्याला म्हटलं, काहून बे, आईले घेऊन असा आलास? "मामा, ग्रुपवर आलं होतं." अजून तीस-चाळीस किलोमीटर चालला असता तर काय झालं असतं, ते मला सांगायचं पण नाही.

आता दुसरा मुद्दा, कारण भाचा आधी त्यातच फसला. म्हणे स्कॅनर ज्या सेन्सरचं नाव दाखवते तो बदला, काम झालं. त्याच्या गाडीत बिघाडाचा कोड होता पी०११८, कधी यायचा कधी जायचा. यानं पुण्यात साडेचार हजाराचा नवीन सेन्सर टाकला, दोन दिवसांत लाईट परत. हे कोड ज्या मानकात लिहिले आहेत ते एसएई जे२०१२, ते काढून पाहा, तिथं पी०११८ चा अर्थ "सेन्सर खराब" असा दिलेलाच नाही, तिथं लिहिलं आहे कूलंट टेम्परेचरचं सर्किट हाय. सर्किट. म्हणजे सेन्सर, कपलर, वायर, अर्थिंग, यातलं काहीही. कोड तुम्हाला गल्ली सांगते, घर आपणच शोधावं लागते.

मी इंजिन थंड होऊ दिलं, कपलर परत लावलं, स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला. ५२ डिग्री, बरोबर. मग एका हातानं वायरिंग हळूहळू हलवत गेलो, सेन्सरपासून वीतभर मागं आलो आणि आकडा ५२ वरून एकदम वजा ४०. सोडलं, परत ५२. वायरवरची टेप उकलली तर आत तांब्याचे दोनच तार धरून होते, बाकी कुरतडलेले, दाताचे बारीक ठसे दिसत होते. दिवाळीत ही गाडी आमच्या गोठ्यात सोयाबीनच्या पोत्यांजवळ वीस दिवस उभी होती, उंदरानं काम केलं. साडेचार हजार वाया, दुरुस्ती दीड फूट वायरची.

बाकीचे मुद्दे पटकन. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढा, लाईट जाते. जाते बऱ्याचदा, पण सोबत फ्रीझ फ्रेम पण जाते, म्हणजे फॉल्ट आला तेव्हा स्पीड किती, इंजिन किती गरम, हा सगळा पुरावा तुम्ही स्वतः पुसला, आणि बिघाड असला तर लाईट परत येणारच. सेन्सरले बॅटरीचे १२ व्होल्ट डायरेक्ट देऊन चेक करा, हे तर करूच नका, ५ व्होल्टवर चालणारी वस्तू आहे ती, चांगला सेन्सर तिथंच मरू शकते.

ऑक्सिजन सेन्सर काढा, मायलेज वाढते, यावर मात्र थोडं थांबतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येते, त्याला हवेच्या मानानं इंधन जास्त लागते, आणि ते किती जास्त द्यायचं हे कॉम्प्युटरले हाच सेन्सर सांगते. तो काढला तर जुन्या गाडीचा कॉम्प्युटर जुन्याच हिशोबानं पेट्रोल देणार, कमी पडणार, जोर लावला की इंजिन तापणार. आणि कुठं जास्त पडलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळते, कॅट लालबुंद होते, अशी गाडी वावरात वाळल्या गवतावर नाही तं पऱ्हाटीवर उभी केली तर आग लागू शकते.

लूट होत नाही असं मी म्हणत नाही. कोड वाचून न तपासता सेन्सर बदलणारे आहेत, भाच्याच्या साडेचार हजाराचं तसंच झालं, लोकांचा राग खरा आहे. पण त्यावर उपाय मल्टिमीटर लावून वायर तपासणं आहे, काळी टेप नाही.

वायर सोल्डर केली, वरून हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवलं, इंजिनपासून दूर बांधली. पाइपची क्लिप बदलली, कूलंट भरून हवा काढली, गाडी उभ्या उभ्या तापू दिली. ९० च्या वर गेल्यावर पंखा आपोआप लागला, थोड्या वेळानं आपोआप बंद झाला. मीटरवरची टेप भाच्यानं स्वतः काढली, आणि त्या ग्रुपवर आता हेच टाकतो म्हणाला.