‘पूर धरणवाल्यांनी सोडला’: एका फॉरवर्डला सोलापुरातून उत्तर

आमच्या भावकीच्या ग्रुपवर पावसाळा लागला की एक फॉरवर्ड हमखास येतो. त्याचा मतलब असा: डोंगरातले पूर धरणवाले आणतात, पाऊस पूर्वीपेक्षा कमीच झालाय, मग पूर वाढतील कसे, ढगफुटी म्हणजे हात झटकायचा बहाणा, आणि सोलापूरला डोंगरच नाही, तर आपण कशाला काळजी करायची? यंदा खाली अंगठे फार पडले म्हणून लिहितोय.

आधी धरणवाले. 2013 च्या जूनमध्ये केदारनाथवर लोंढा आला तेव्हा वरच्या अंगाला धरण नव्हतं. होता तो चोराबारी हिमनदीजवळचा तलाव. अतिवृष्टी आणि वितळलेला बर्फ यांनी तो तुडुंब भरला आणि त्याचा दगडगोट्यांचा बांध फुटला. 2023 च्या ऑक्टोबरात सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हा हिमतलाव असाच फुटला आणि तिस्तेवरचं चुंगथांगचं धरणच वाहून गेलं. म्हणजे तिथं धरणानं पूर सोडला नाही, पुरानं धरण नेलं. हिमनद्या मागं सरकतात तसे असे तलाव वाढतात.

धरणांचा दोष कधीच नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. पाणी कधी आणि किती सोडलं यावर खालच्या गावांचं नशीब ठरतं. पण पूर पोटात घ्यायचा तर धरणात जागा रिकामी ठेवावी लागते. भीमेवरच्या धरणाची, उजनीची पातळी उणे गेली, म्हणजे वापराचं पाणी संपून तळाच्या साठ्याला हात लागला, की टँकरमागं पळणाऱ्या आपल्यापैकी कोण ऑगस्टात ती अर्धी रिकामी ठेवायला राजी होईल?

‘पाऊस कमी झालाय’ यात अर्धं खरं आहे. मध्य भारतात मोसमी पावसाची बेरीज घटली. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 च्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याच पट्ट्यात दूरवर एकदम कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस तिप्पट झालेला दिसला. पुराला वर्षाची बेरीज लागत नाही, एक दिवस पुरतो. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला. आपल्या सोलापूरचा अख्ख्या वर्षाचा पाऊस साधारण तेवढाच. हवा एक अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. ती डोंगराला अडून वर चढली की ते ओझं तिथंच टाकते. उताराला मातीचा थर पातळ, मुरायला वेळ नाही, पाणी थेट ओढ्यात. हिमालयात आणखी एक भर: उंचावर जे बर्फ म्हणून पडून महिनोन्‌महिने थिजून राहायचं, ते आता पाऊस म्हणून पडतं आणि त्याच दिवशी खाली येतं.

ढगफुटीबद्दल फॉरवर्डवाल्याशी मी थोडा सहमत आहे. तासाभरात एका छोट्या टापूत 100 मिलिमीटर पडला तर ढगफुटी, असा हवामान खात्याचा निकष. आपण कुठल्याही धो धो पावसाला तेच नाव देतो. 7 फेब्रुवारी 2021 ला चमोलीत तर पाऊसच नव्हता, खडक आणि बर्फाचा कडा कोसळला होता. पण नाव चुकलं म्हणून पूर खोटा होत नाही.

राहिलं ‘इथं डोंगर कुठाय’. अहो, भीमा निघते भीमाशंकरला! पावसाळ्यात आपण आभाळाकडं बघत नाही, ‘दौंडचा विसर्ग किती?’, म्हणजे दौंडकडून उजनीत किती पाणी येतंय, म्हणून विचारतो. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली होती आणि ऑगस्टात ती भरून पाणी सोडावं लागलं. ते पाणी प्रामुख्यानं पुण्याच्या घाटमाथ्याचं. शिवाय नीरा नदी भीमेला मिळते ती नरसिंहपूरला, उजनीच्या खाली. नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी उजनी अडवूच शकत नाही, ते सरळ पंढरपूरच्या वाळवंटात.

2025 च्या सप्टेंबरात माढा-मोहोळात शिरलेली सीना नदी मात्र घाटातली नाही. ते पाणी अहिल्यानगर-धाराशिवकडच्या पावसाचं, आणि त्या भागाला आपण आजवर दुष्काळीच म्हणत आलोय.